भरतीने उचललेले हात

मुंबईतल्या माहुलच्या खाडीत ओहोटीला होड्या चिखलात एका कुशीवर कललेल्या दिसतात. भरती लागली की पाणी आधी नुसते बुडाशी येऊन थबकल्यासारखे वाटते. होडी जागची हलत नाही. मग कललेली बाजू हळूच सावरते, ढिला पडलेला दोर ताणला जातो आणि होडी तरंगायला लागते. तिला कोणी उचललेले नसते, पाण्याने वर घेतलेले असते. ताई ची या चिनी व्यायामप्रकाराची पहिली हालचाल नेमकी अशीच आहे. पायांत खांद्यांइतके अंतर ठेवून उभे राहायचे, दोन्ही हात समोरून खांद्यांच्या उंचीपर्यंत सावकाश वर येऊ द्यायचे आणि तसेच खाली जाऊ द्यायचे. एवढेच. पण 'हात खांद्यापर्यंत उचला' असे सांगितले की नवख्या माणसाचे खांदे कानांकडे चढतात, मान आखडते, श्वास छातीत अडकतो. कारण 'उचला' हा शब्द कानावर पडताच शरीर ओझे उचलायच्या तयारीला लागते. त्याऐवजी 'मनगटे म्हणजे चिखलातल्या होड्या, खालून भरती चढते आहे' असे म्हटले, तर खाडीकाठी वाढलेल्या माणसाला पुढचे फारसे सांगावे लागणार नाही. किती वेगाने, किती जोर लावून, कुठे थांबायचे, हे सगळे त्या एका चित्रात आलेले असते. व्यायाम शिकवताना वापरलेल्या अशा प्रतिमांकडे आपण बहुधा सजावट म्हणून पाहतो. माझ्या मते ताई ची शिकवणाऱ्याकडे याहून कामाचे दुसरे साधन नाही. मात्र त्याला एक अट आहे: प्रतिमा शिकणाऱ्याच्या जगातली हवी. दुसऱ्याच्या जगातून उचलून आणलेली प्रतिमा ऐकायला गोड लागते, पण अंगात उतरत नाही.

ताई चीची परंपरा प्रतिमांनी भरलेली आहे. 1956 साली चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैलीतून निवड करून 24 हालचालींचा संक्षिप्त क्रम तयार केला आणि आज जगभर नवशिक्यांना बहुतेक ठिकाणी तोच शिकवला जातो. यांग शैलीतली पारंपरिक नावे पाहा: रानघोड्याची आयाळ दुभंगणे, पांढऱ्या क्रौंचाने पंख उघडणे, पिपा हे तंतुवाद्य वाजवणे, चिमणीची शेपटी धरणे, ढगांसारखे हात फिरवणे, समुद्रतळाची सुई काढणे, सोनेरी कोंबड्याने एका पायावर उभे राहणे, तरुणीने मागावर धोटा टाकणे. आपल्या योगासनांच्या नावांशेजारी ही ठेवली की एक फरक जाणवतो. ताडासन, वृक्षासन, भुजंगासन, शलभासन ही बहुतांशी नामे आहेत; पूर्ण झालेली आकृती कशी दिसेल ते सांगतात. ताई चीची नावे बहुधा क्रियापदे आहेत. दुभंगणे, उघडणे, वाजवणे, टाकणे. हे स्वाभाविकच आहे, कारण आसनात पोचून थांबायचे असते आणि ताई चीत कुठेच थांबायचे नसते. आकर्णधनुरासनासारखा अपवाद आपल्याकडेही आहे; कानापर्यंत प्रत्यंचा ओढणे ही क्रियाच आहे. पण एकंदरीत ताई चीची प्रतिमा डोळ्यांपेक्षा स्नायूंना उद्देशून असते.

नावांखेरीज हालचालीचा पोत सांगणाऱ्या प्रतिमा वेगळ्याच. एकोणिसाव्या शतकातले ताई ची गुरू वू युशियांग यांच्या नावावर असलेल्या लेखनात पाऊल मांजरासारखे टाकावे आणि जोर कोशातून रेशमाचा धागा काढावा तसा वापरावा, असा उपदेश आहे. यांग शैलीचे गुरू यांग छंगफू (1883–1936) यांनी सांगितलेल्या दहा मुद्द्यांपैकी पहिला डोक्याविषयी आहे: मस्तक वरून अलगद टांगल्यासारखे असावे. रेशमाच्या धाग्यापाशी थोडे थांबायला हवे. कोशाचा धागा हिसक्याने ओढला तर तुटतो, ढिला सोडला तर गुंततो, मध्येच थांबला तर नंतर तो एकसारखा येत नाही. म्हणजे वेग, जोर आणि सातत्य अशा तीन सूचना एका चित्रात बसल्या, आणि त्याही एकमेकींशी जुळवून. त्याच सूचना सुट्या सांगितल्या तर शिकणारा एक पाळताना दुसरी विसरतो.

याला पुरावा काय? गेल्या तीन दशकांत हालचाल कशी शिकली जाते याचा अभ्यास करणाऱ्यांनी काही प्रयोग केले आहेत, ते इथे कामी येतात. 1998 साली गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्फावरच्या घसरणीचा सराव देणाऱ्या यंत्रावर लोकांना उभे केले. काहींना सांगितले, पायांनी जोर देण्याकडे लक्ष ठेवा. काहींना सांगितले, पायांखालच्या चाकांवर जोर पडतो तिकडे लक्ष ठेवा. चाके पायांच्या बरोबर खाली होती, म्हणजे अंतर होते काही बोटांचे. तरीही चाकांकडे लक्ष ठेवणारे अधिक चांगले शिकले. लक्ष शरीराच्या आत गेले की माणूस जे आपोआप व्हायला हवे ते जाणूनबुजून करू पाहतो आणि शरीर अडखळते. लक्ष बाहेरच्या परिणामाकडे गेले की शरीर आपले आपण जुळवून घेते, असा निष्कर्ष त्यातून पुढे मांडला गेला. सायकल चालवताना हँडलकडे बघत राहणाऱ्याची गत आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे.

दुसरा धागा रिच मास्टर्स यांच्या कामाचा. 2001 साली लियाओ आणि मास्टर्स यांनी नवशिक्यांना टेबल टेनिसचा टॉपस्पिन फटका दोन रीतींनी शिकवला. एका गटाला सूचनांची यादी दिली, दुसऱ्याला फक्त एक उपमा दिली: काटकोन त्रिकोण डोळ्यांसमोर आणा आणि बॅट त्याच्या कर्णावरून वर न्या. उपमेवर शिकलेले खेळायला कमी पडले नाहीत आणि ताण आला किंवा मन दुसऱ्या कामात गुंतवले तरी त्यांचा फटका टिकला. यादीवाल्यांचा ढासळला. इथपर्यंत प्रतिमेची बाजू भक्कम आहे. पण माझ्या मुद्द्यासाठी खरा महत्त्वाचा प्रयोग त्यापुढचा आहे. हाँगकाँगमध्ये कँटोनीज बोलणाऱ्यांना हीच त्रिकोणाची उपमा दिली तेव्हा ती लागू पडली नाही. पूल्टन, मास्टर्स आणि मॅक्सवेल यांनी 2007 साली ती बदलली आणि बॅट डोंगराच्या उतारावरून वर जाते आहे असे समजा, असे सांगितले. मग ती चालली. फटका तोच, भूमितीही तीच, कारण डोंगराचा उतार म्हणजे शेवटी कर्णच. बदलले होते फक्त ते चित्र ज्या जगातून आले ते जग.

हे प्रयोग टेबल टेनिसचे आणि घसरणीच्या यंत्रावरचे आहेत, ताई चीचे नव्हेत. तेव्हा त्यांच्यावरून ताई चीबद्दल बोलणे हे अनुमान आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण अनुमान दुबळे नाही. टेबल टेनिसच्या फटक्याला एक क्षण लागतो, ताई चीचा क्रम काही मिनिटे चालतो. त्या मिनिटांत गुडघा, कंबर, खांदा, कोपर, नजर आणि श्वास एकाच वेळी सांभाळायचे असतात. सूचनांची यादी जिथे एका फटक्यालाही पेलत नाही तिथे ती या लांबलचक प्रवाहाला कशी पेलणार?

आता ही चिनी नावे मराठीत आणताना काय होते ते एका उदाहरणात पाहू. 'पांढऱ्या क्रौंचाने पंख उघडणे' या हालचालीत भार मागच्या पायावर असतो, पुढच्या पायाचा चवडा जमिनीला नुसता टेकलेला, एक हात वर, दुसरा खाली, आणि पाठीचा कणा उंच उभारलेला. आपल्याकडे क्रौंच शब्द पुस्तकात भेटतो. बोलण्यात लांब पायांचा पांढरा पक्षी म्हटला की बगळाच येतो. शिकवणारा सोयीसाठी 'पांढरा बगळा' म्हणून टाकतो. पण बगळा मान आखडून, खांद्यांत खुपसून, खाली पाण्यात नजर लावून उभा असतो. शिवाय मराठीत बगळ्याच्या ध्यानाला ढोंगाचा वास आहे. नाव ऐकणाऱ्याच्या अंगात आपसूक तीच मान येते, आणि उभारलेल्या कण्याची सगळी हालचाल खचते. शब्दकोशाच्या दृष्टीने भाषांतर थोडेसेच चुकले, शरीराच्या दृष्टीने ते पुरते उलटे झाले.

माहुलमध्ये त्यावर तोड समोरच आहे. शिवडी आणि माहुलच्या मधल्या चिखलमैदानांवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हजारो रोहित पक्षी उतरतात. या पट्ट्याची नोंद महत्त्वाचे पक्षीक्षेत्र म्हणून झालेली आहे. रोहितला अग्निपंख असेही म्हणतात, कारण पंख मिटलेले असताना फिकट गुलाबी वाटणाऱ्या या पक्ष्याने पंख उघडताच आतला लाल आणि काळा रंग दिसतो. मान सरळ वर ताणून दोन्ही पंख उघडे धरण्याची त्याची एक ठरावीक लकबच आहे. या हालचालीला याहून चांगला पक्षी हवा कशाला? आणि रंग पांढरा नाही म्हणून कोणाचे काय बिघडणार?

पण पक्षी ही पाहण्याची गोष्ट. त्याहून पक्की प्रतिमा करण्याच्या गोष्टीतून येते आणि कोळीवाड्यात अशा गोष्टींची वाण नाही. ओहोटीच्या चिखलात चिंबोऱ्या आणि शिंपल्या शोधत चालणारा माणूस पाऊल कसे टाकतो ते नीट पाहावे. तो पाऊल आधी रिकामे ठेवतो. पायाखाली बूड लागते का, शिंपला कापेल का, हे तळव्याने चाचपतो. भरवसा वाटला की मगच अंगाचा भार त्या पायावर सरकवतो आणि मागचा पाय चिखलातून अलगद, टाच आधी सोडवून, काढतो. घाई केली तर पाय रुततो नाहीतर तोल जातो. ताई चीत 'भरलेला पाय' आणि 'रिकामा पाय' असा जो भेद महिनोन्महिने घोटून घेतला जातो तो इथे चिखल स्वतः शिकवतो. चिनी गुरूने मांजर सुचवले. मांजर आपणही पाहतो, पण मांजर होऊन कोणी चाललेले नाही. चिखलातून मात्र माहुलचा माणूस चाललेला आहे. तसेच पाग फेकण्याचे. शिशाचे मणी ओवलेले ते गोल जाळे हातांच्या बळावर उघडत नाही. जाळ्याचा भार अंगावर तोलून कंबर वळते, हात कमरेच्या मागून जातात, आणि जाळे हवेत गोल पसरते. कंबर हा आस आणि हात हे त्याचे अनुयायी, हे ताई चीतले मुख्य तत्त्व याहून स्पष्ट कुठे दिसणार? मासळीची पाटी डोक्यावर घेऊन वर्षानुवर्षे चाललेल्या बाईला मस्तक टांगल्यासारखे ठेवायला शिकवण्याची गरज नाही. पाटीखाली तिची मान आपोआप लांब होते आणि डोके वरखाली न होता एका पातळीत पुढे सरकते. रेशमाच्या धाग्याला पर्याय म्हणजे टकळी: ज्या पिढीने शाळेत सूत काढले आहे तिला पेळूतून धागा किती ओढला की तुटतो आणि किती सोडला की गाठ पडते, हे बोटांतून ठाऊक आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या वर्गात ही प्रतिमा सहज चालावी. त्यांच्या नातवंडांसाठी ती निरुपयोगी आहे, आणि त्यांच्यासाठी दुसरी शोधावी लागेल.

यावर पहिला वजनदार आक्षेप पुण्यातूनच येतो. बी. के. एस. अय्यंगार यांनी 1966 च्या 'लाइट ऑन योग' या ग्रंथात आसने क्रमवार, सूचना मोजून दिली. 1975 पासून पुण्याच्या त्यांच्या संस्थेत जी शिकवण रुजली तिची ख्यातीच नेमकेपणासाठी आहे. पायाचा कोणता भाग दाबायचा, मांडीचा स्नायू कुठे ओढायचा, हे सगळे शरीराच्या भाषेत सांगितलेले. ही पद्धत जगभर चालते. मग उपमांची गरज काय? पण त्या वर्गात वापरली जाणारी साधने पाहा: लाकडी ठोकळा, पट्टा, दोरी, भिंत, खुर्ची. 'भिंतीला टाच टेकवा', 'ठोकळा दाबा' म्हटले की विद्यार्थ्याचे लक्ष शरीराबाहेरच्या वस्तूकडेच जाते. वुल्फ यांच्या चाकांचे काम तिथे ठोकळा करतो. शिवाय आसनात थांबायला वेळ असतो. एक सूचना पाळून दुसरीकडे वळता येते. वाहत्या क्रमात ना वेळ असतो, ना ठोकळा बरोबर नेता येतो. ताई चीत प्रतिमा हाच मनात धरलेला ठोकळा. तरी या आक्षेपातला एक भाग मी पूर्णपणे मान्य करतो. गुडघ्याची दिशा पायाच्या बोटांच्या रेषेत हवी, ही गोष्ट उपमेवर सोडू नये. ती सरळ शब्दांत सांगावी, डोळ्यांनी तपासावी आणि चुकल्यास लगेच थांबवावे, कारण तिथे चूक झाली तर सांध्याला इजा होते.

दुसरा आक्षेप परंपरेचा. शेकडो वर्षांची नावे बदलून होडी आणि पाग आणले तर ताई ची उरेल का? परंपरेचा इतिहासच याचे उत्तर देतो. सोळाव्या शतकातले सेनापती छी जिग्वांग यांच्या युद्धशास्त्राच्या ग्रंथात मुष्टियुद्धाच्या 32 पवित्र्यांत पहिल्याचे नाव 'लान झा यी' आहे, अर्थ साधारण असा की झग्याचा घोळ सहज खोचणे. ताई चीच्या चेन शैलीत ते नाव टिकले. यांग शैलीत त्याच जागी 'लान छुए वेई' म्हणजे चिमणीची शेपटी धरणे आले, आणि अनेक अभ्यासकांच्या मते हा उच्चाराच्या सारखेपणातून झालेला बदल आहे. झगा गेला, चिमणी आली. माघार घेत माकडाला हुसकावण्याची जुनी हालचालही 1956 च्या संक्षिप्त क्रमात हात मागे गुंडाळण्याच्या साध्या नावाने आली. चीनमध्येच नावे बदलत आली असतील तर माहुलमध्ये ती गोठवून ठेवण्यात परंपरेचा मान कुठे आला? आपल्या मल्लखांबाबद्दलही हेच. बाळंभटदादा देवधरांनी माकडांच्या उड्या पाहून तो रचला अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. तिच्यातली श्रद्धा बाजूला ठेवली तरी एवढे कळते की आपले व्यायामगुरूही समोरच्या झाडावर काय चालले आहे ते पाहत होते. चिनी नावे मात्र टाकून देऊ नयेत. क्रमाची ओळख म्हणून ती पाठ असावीत. शिकवताना काम दुसऱ्या प्रतिमेने करावे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: प्रतिमा फसवू शकते. रोहित पक्षीच घ्या. 'सोनेरी कोंबडा एका पायावर' या हालचालीसाठी माहुलमध्ये रोहितचे नाव घेण्याचा मोह कोणालाही होईल. पण त्याच्या पायात मध्यावर उलटा वाकलेला जो गुडघा दिसतो तो गुडघा नव्हेच, तो घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. यंग-हुई चांग आणि लीना टिंग यांनी 2017 साली दाखवले की मेलेला रोहितसुद्धा स्नायूंच्या जोराशिवाय एका पायावर उभा राहू शकतो, कारण त्याच्या पायाची रचना देहाच्या भाराने आपोआप स्थिरावते. माणसाचे तसे नाही. रोहित मनात धरून गुडघा मागे ताणून अडकवणारा माणूस स्नायूंना सुट्टी देईल आणि सांध्यावर भार टाकेल, म्हणजे जे शिकायचे त्याच्या बरोबर उलट. तेव्हा पंखांसाठी रोहित चांगला, पायासाठी वाईट. कष्टाच्या कामातून आलेल्या प्रतिमांनाही हीच कसोटी लावावी. चिखलात हात घालून शिंपली काढण्याची आठवण 'समुद्रतळाच्या सुई'ला अगदी जुळणारी दिसते. पण त्या कामात पाठ गोल होते, आणि इथे कणा सरळ ठेवून खुब्यातून झुकायचे असते. ज्या बाईची मान पाटीनेच दुखावली आहे तिला पाटी आठवायला सांगणे हे क्रौर्य ठरेल. काहींना डोळे मिटून चित्रच दिसत नाही. 2015 साली ॲडम झेमन यांनी या अवस्थेला अफॅन्टेशिया हे नाव दिले. अशा माणसांच्या बाबतीत घाबरण्याचे कारण नाही, कारण इथे चित्र पाहायचे नसून केलेली क्रिया आठवायची आहे. तीही आठवत नसेल तर खरी दोरी, खरी पाटी हातात द्यावी. प्रतिमा औषधासारखी द्यायची असते, माणूस पाहून आणि परिणाम पाहून. लागू पडली नाही तर बदलायची.

आणि एक गोष्ट प्रतिमेच्या आवाक्याबाहेरची आहे. तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्यांच्या कुशीत माणसे राहतात त्या माहुलच्या हवेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालय आणि राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला आहे. 'निर्मळ वारा आत घेतो आहोत' असे चित्र इथे उभे करणे रहिवाशांशी अप्रामाणिकपणा होईल. ताई चीत मुद्दाम खोल श्वास घेण्याची सक्ती नाही. हालचाल संथ झाली की श्वास आपोआप संथ होतो, तेवढे पुरे. हवा सुधारायची ती न्यायालयात आणि कारखान्यांच्या दारातच.

तरी इथल्या वयस्क माणसांना हा व्यायाम मिळावा, असे मनापासून वाटते. 2012 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये फुझोंग ली आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या 195 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. 24 आठवडे ताई ची केलेल्यांचा तोल इतर व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारला. पडण्याची भीती ज्या वयात घरात डांबून ठेवते त्या वयात ही लहान गोष्ट नाही. म्हणून माहुलमध्ये किंवा अशा कुठल्याही कोळीवाड्यात जो कोणी वर्ग सुरू करील त्याला एक विनंती. पहिल्या दिवशी क्रौंच आणि रानघोडे सांगू नका. समोरच्या माणसांनी आयुष्यभर हातांनी काय काम केले ते विचारा आणि लिहून ठेवा. तुमची शिकवणी त्यातून निघेल. दुसरा वर्ग धक्क्यावर घ्या, होड्या चिखलातून वर येताना बघत. त्यासाठी पौर्णिमेच्या किंवा अमावस्येच्या आसपासचा उधाणाचा दिवस निवडा. भांगाच्या दिवसांत पाणी तितके चढत नाही.